प्रायमर लावलेली बटणं

त्याच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. चहाचा कप समोर आला तरी तो आधी कपाच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, कुठे खडबड आहे का बघायला. दारातून आत येताना चौकटीवर तळहात घासायचा. बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाच्या बाहीवरचं न दिसणारं कुसळ उचलायचा. एकतीस वर्षं माणसाने गाड्या रंगवल्या की हात असेच होतात. ते त्याचे राहत नाहीत, कामाचे होतात, आणि काम थांबलं तरी ते थांबत नाहीत.

गॅरेजमध्ये त्याला सगळे 'आरसा' म्हणायचे. त्याने रंगवलेल्या गाडीच्या दारात बघून एका गिऱ्हाईकाने म्हणे भांग पाडला होता. गिऱ्हाईक टकलू होतं असं शेजारी पत्र्याचे पोचे काढणारा डेंटर सांगायचा, पण डेंटरचं काय, तो हातोडीसारखाच बोलायचा, ठोकून. चमक मात्र खरी होती. ती चमक वरून आणलेली नसायची. आधी पत्रा घासून उघडा करायचा, खळगे पुट्टीने भरायचे, मग पाणी लावून घासायचा पेपर मारायचा, मग गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साईडचा तांबडा प्रायमर, मग करडा थर, मग रंगाचे तीन हात, आणि सगळ्यात वर चमकेचं लॅकर. दोन हातांच्या मध्ये पुन्हा पेपर. गाडी गेटबाहेर पडायची तेव्हा लोकांना फक्त वरचा हात दिसायचा. खालचे सगळे त्याच्या एकट्याच्या माहितीतले असायचे, आणि त्या माहितीवर तो ताठ चालायचा.

तीन वर्षांपूर्वी छातीने संप केला. डॉक्टरने सांगितलं, "स्प्रे गन हातात धरायची नाही. रंगाच्या वासाजवळ उभंही राहायचं नाही. पटत नसेल तर मला सांगू नका, घरी सांगा."

घरी बायकोने ऐकून घेतलं, आणि महिन्याभरात तीच कंटाळली. कारण गडी घरात बसून कपाटांची दारं घासायला लागला. "अहो," ती म्हणाली, "त्या दारांना जरा जीव राहू द्या. निम्मी जाडी गेलीय त्यांची. उद्या माझ्या पाठीला पेपर माराल!"

"पाठ गुळगुळीत आहे तुझी," तो म्हणाला, "काम निघणार नाही तिथे." आणि पुन्हा उठून खिडकीशी गेला.

त्याच दिवसांत भाची आली. बहिणीची मुलगी, लहानपणी गॅरेजच्या टायरवर बसून शाळेचा अभ्यास करणारी. आता तिचा स्वतःचा धंदा होता. लाँड्रीच्या वर दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, आणि कुणाकुणाच्या वेबसाइट बनवून द्यायच्या. खालून इस्त्रीची वाफ यायची, त्यामुळे तिच्या कागदांना कायम कोमट वास असे.

"मामा, एक सांगा," ती म्हणाली, "गाडीच्या दारावर चमक कुठे पडते?"

"का गं?"

तिने लॅपटॉप उघडून दाखवला. पानावर एक निळं बटण होतं, लांबट, गोल कोपऱ्यांचं. तिला ते काचेसारखं चकचकीत हवं होतं, आणि ते भिजलेल्या साबणासारखं दिसत होतं.

त्याने मान वाकडी करून बघितलं. "हे ओलं झालंय, चकचकीत नाही. ओल्या वस्तूवर उजेड पसरतो. लॅकरवर तो तुटतो."

"तुटतो म्हणजे?"

"म्हणजे त्याला कड असते. वर पांढरा, खाली येता येता फिका, आणि मध्यावर आला की कापल्यासारखा संपतो. तिथून खाली रंग गडद. आणि अगदी तळाला पुन्हा थोडा उजळ, जमिनीवरचा उजेड वर चढतो ना! कधी उभी राहून बघितलीयेस का नुसती, एखाद्या गाडीकडे?"

भाचीने दुसऱ्या दिवशी त्याला आपल्या दुकानात कॉम्प्युटरसमोर बसवलं, ते कायमचं.

बटणं काढायचं सॉफ्टवेअर रेषांचं होतं. त्यात ठिपक्याठिपक्याने चित्र भरत नाहीत. चार बिंदू ठोकायचे, त्यांच्यामधून रेष ताणायची, खिळ्यांना रबर अडकवावं तशी, आणि बिंदू ओढला की रेष वाकते. मग तो आकार रंगाने भरायचा, वरून खाली रंग हलका किंवा गडद करत न्यायचा. आकारावर आकार, थरावर थर. पहिले तीन महिने त्याने माउसला इतक्या शिव्या दिल्या की लाँड्रीवाला खालून ओरडायचा, "वर कोण मेलं?" पण चौथ्या महिन्यात हात बसला. थरावर थर हे त्याला समजावून सांगावं लागलंच नाही. सॉफ्टवेअर म्हणजे एक बिनवासाचं गॅरेज, असं त्याने मनाशी धरलं, आणि तो कामाला लागला.

त्याची बटणं बघून भाची टाळ्या वाजवायची. त्यावर बोट ठेवावंसं वाटायचं, आणि बोट ठेवलं की ठसा उमटेल म्हणून भीतीही वाटायची. आत तिने कधी डोकावून बघितलं नाही. कशाला बघेल? चमक समोर होती.

मग दवाखान्याचं काम आलं. शहराच्या त्या भागातला मोठा दवाखाना, त्याची छातीही तिथेच तपासली जायची. नंबर देणाऱ्या खिडकीसमोरची रांग कमी व्हावी म्हणून त्यांना वेबसाइटचं नवं पान हवं होतं. लोकांनी फोनवरून नंबर लावायचा, रिपोर्ट बघायचा, गरज पडली तर रुग्णवाहिका बोलवायची. अकरा बटणं. 'नंबर लावा' हिरवं, कारण दवाखान्याच्या मॅनेजरबाईंचा तसा आग्रह होता.

त्या अकरा बटणांवर त्याने अडीच आठवडे घालवले. कुठल्याच कामाला त्याने इतका जीव लावला नव्हता. आजारी माणसं यावर बोट ठेवणार, तर काम पोटातून पक्कं हवं, एवढंच तो म्हणाला.

सोमवारी पान सुरू झालं. बुधवारी सकाळी मॅनेजरबाईंचा फोन आला. भाची उभी राहून बोलत होती, "हो मॅडम, बघते मॅडम," आणि तिचा दुसरा हात टेबलावरची पेन्सिल फिरवत होता. फोन ठेवून ती त्याच्या कॉम्प्युटरशी आली.

"पान उघडतच नाही म्हणतात. नव्या फोनवर ठीक, जुन्यावर अडकून बसतंय. मामा, उठा जरा."

तिने हिरवं बटण उघडलं, थरांची यादी उघडली, आणि यादी खाली खाली सरकतच राहिली.

"मामा! एका बटणाला एकोणीस थर?"

"तेवीस हवे होते," तो म्हणाला. "तू घाई केलीस."

"पण हे काय आहे? हा सगळ्यात खालचा पिवळट?"

"पुट्टी."

"पुट्टी?"

"त्याच्यावर रेड ऑक्साईड. त्याच्यावर करडा. मग हिरव्याचे हात. कडा जरा धूसर केल्यात बघ प्रत्येकाच्या, तो पेपर मारलाय."

भाची खुर्चीत बसली. हसावं की रडावं ते तिच्या तोंडाला कळेना. "मामा, यातलं लोकांना दिसतं किती?"

"वरचे चार."

"मग बाकीचे पंधरा कशाला?"

"त्यांच्यावर ते चार उभे आहेत."

"अहो, इथे पत्रा नाही! इथे गंज चढत नाही. हे उन्हात राहणार नाही, पावसात राहणार नाही. इथे प्रायमर कशाला लागतो?"

"पत्रा नसेल," तो म्हणाला. "हात माझे आहेत ना?"

तिने सावकाश समजावलं. बटणांचं चित्र जसंच्या तसं, सगळ्या थरांसकट, लोकांच्या फोनवर जातं. तिथे तो फोन तळापासून एकेक थर स्वतः रंगवत वर येतो. त्या धूसर कडा तर त्याला फार जड जातात. नवा फोन डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात करून टाकतो, जुन्याला दम लागतो.

दम हा शब्द त्याला आवडला नाही.

"उठा, मी काढते खालचे," ती म्हणाली.

"हात लावायचा नाही."

हे त्याने इतक्या बारीक आवाजात म्हटलं की ती दचकली. खाली लाँड्रीत कुणीतरी इस्त्री आदळली. भाची उठली, खिडकीकडे गेली, आणि पाठ करूनच बोलली, कारण समोर बघून तिला ते बोलता आलं नसतं.

"शनिवारी दुपारी बारापर्यंत बटणं हलकी झाली नाहीत, तर मॅनेजरबाई तयार बटणं बसवणार आहेत. सपाट. आणि मग मामा, पुढचं काम मला तुमच्याकडे देता येणार नाही. दुकान आहे माझं. दोन मुली कामाला आहेत."

"सपाट?" तो म्हणाला. त्या शब्दाला वास असावा तसं त्याने नाक वाकडं केलं.

"सपाट. एक रंग, मध्ये अक्षरं, संपलं."

गुरुवारी तो सगळ्यांच्या आधी आला. कॉम्प्युटर सुरू केला, हिरव्या बटणातला तांबडा थर निवडला आणि पुसला. पडद्यावर काहीच झालं नाही. हिरवं होतं तसंच हिरवं, चमक होती तशीच चमक. तो जवळ जाऊन बघत राहिला. मग त्याने एक पाऊल मागे घेणारी कळ दाबली, तांबडा परत आला, आणि तेव्हाही पडद्यावर काहीच झालं नाही. पुसला. आणला. पुसला. आणला. उठून त्याने खोलीत फेऱ्या घातल्या. खुर्ची सरळ केली, टेबलाची कड चाचपली, जिना उतरून खाली गेला, वर आला, दम लागला म्हणून पायरीवर बसला, पुन्हा उठला.

दुपारी पाय त्याला गॅरेजच्या गेटपर्यंत घेऊन गेले. आत जायची बंदी होती. आतल्या कंप्रेसरच्या घरघरीतून डेंटर बाहेर आला, हात पुसत.

"काय रे आरशा, तडा गेला का?"

"एक विचारू?" तो म्हणाला. "प्रायमर न मारता मी गाडी गेटबाहेर काढली तर?"

"तर मी तुला ओळख दाखवणार नाही," डेंटर म्हणाला, आणि हसला. पण हा हसला नाही, तसे डेंटरने हात पुसायचे थांबवले. "का? कुणाची गाडी?"

"गाडी नाही."

"मग काय?"

हात हलवून तो निघाला. रस्त्यात उभ्या असलेल्या एका पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर त्याचा तळहात आपोआप गेला, आणि आतून मालक ओरडला, "ओ, काय पाहिजे?"

"कुणी रंगवली?" त्याने विचारलं.

"कंपनीने!"

"वाटलंच," म्हणून तो पुढे गेला.

संध्याकाळी जेवताना त्याने दोनदा पाण्याचा पेला उचलून खाली ठेवला. बायकोने पेला त्याच्यापासून लांब सरकवला.

शुक्रवारी त्याच्या छातीच्या तपासणीचा दिवस होता. दवाखान्याच्या मोठ्या खोलीत लोखंडी बाकं, भिंतीला हिरवट रंग, आणि त्या रंगाला आलेले फुगे. खाली भिंत घासलीच नाही कुणी, हे त्याला लांबूनच दिसलं. बाकावर त्याच्या शेजारी एक बाई होती, तिच्याबरोबर तिचे म्हातारे वडील, स्वेटरच्या आतून खोकणारे. खिडकीपुढची रांग दरवाज्याबाहेर गेली होती. बाईने पिशवीतून फोन काढला. जुना फोन, काचेवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चीर.

त्याने नको नको म्हणत डोळे तिकडे वळवले.

पान उघडलं. पांढरं. बराच वेळ पांढरं. मग बटणाच्या जागी पिवळट डाग उमटला. ती त्याची पुट्टी होती. त्याने भरलेली, त्याने घासलेली, आजवर कुणी न पाहिलेली, आणि ती या अनोळखी बाईच्या तळहातावर उघडी पडली होती. मग वरून खाली, कणाकणाने, तांबडा रंग उतरला. अक्षरं सगळ्यात वरच्या थरात होती, ती अजून आलीच नव्हती. नुसतं लाल बटण.

"बघा बाबा," बाई म्हणाली, "लाल आहे. बंद झाले नंबर. बुधवारीही असंच झालं होतं. चला उठा."

म्हातारे गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागले.

"थांबा," तो म्हणाला. "थांबा थांबा, बंद नाहीये. ते प्रायमर आहे."

बाईने त्याच्याकडे बघितलं. "काय आहे?"

"प्रायमर. म्हणजे... खालचा हात. जरा धीर धरा, हिरवं होईल."

"काका, तुम्ही इथे कामाला आहात का?"

"नाही. ते बटण मी रंगवलंय."

बाईने आपली पिशवी स्वतःच्या बाजूला ओढून घेतली. पण म्हातारे पुन्हा खाली बसले. उठणं त्यांना तसंही जड होतं. "बघू तर," ते म्हणाले, "रंग वाळतो का."

तिघं फोनकडे बघत बसले. करडा आला. मग पहिला हिरवा, पातळ, खालून करडा दाखवणारा. म्हातारे खोकले, त्याच्या छातीतून शिटी वाजली, पुन्हा म्हातारे खोकले. दुसरा हिरवा. फोन हातात गरम झाला तसा बाईने तो दुसऱ्या हातात घेतला. तिसरा. मग लॅकर, मग अक्षरं, आणि सगळ्यात शेवटी ती कापल्यासारखी कडेची पांढरी चमक. सुंदर होती. ती बघायला कुणालाही वेळ नव्हता. बाईने बोट ठेवलं.

"मिळाला हो नंबर," ती म्हणाली. आणि मग, रागावून नाही, नुसतं सांगावं तसं म्हणाली, "बुधवारी लाल बघून परत गेलो आम्ही. दोन बस बदलून येतो. रात्रभर झोपले नाहीत बाबा."

तो उठून दाराकडे निघाला. त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तो रस्त्यावर होता.

लाँड्रीचा जिना त्याने न थांबता चढला, आणि वर जाऊन बोलायला त्याला पाच मिनिटं लागली. भाचीने पाणी दिलं. पेला त्याने बाजूला ठेवला. "दार लाव," तो म्हणाला, "आणि बघू नकोस."

पुट्टी काढली. तांबडा काढला. करडा काढला. हिरव्याचे तीन हात एकावर आणले. दर वेळी तो थांबून पडद्याकडे बघायचा. एखादा थर निघताना जरा तरी कुरकुरेल, रंग एका केसाने तरी उतरेल, अशी त्याला आस होती. रंग उतरला नाही. एकतीस वर्षं ज्याला तो काम म्हणत आला, ते बटणाखालून निघून गेलं आणि बटणाला पत्ता नव्हता. चौथ्या बटणापर्यंत तो प्रत्येक थर पुसण्याआधी दोनदा तपासत होता. सातव्याला तपासणं थांबलं आणि राग आला, कुणाचा ते कळत नव्हतं. अकरावं झालं तेव्हा खाली लाँड्रीवाला शटर ओढत होता. धूसर कडाही गेल्या होत्या. एकेका बटणात उरले चार आकार. रंग, तळाचा उजेड, वरची चमक, अक्षरं.

"जुना फोन कुणाचा आहे?" त्याने विचारलं.

"इथे कुणाचाच नाही."

"मग उद्या तिथेच बघू."

शनिवारी साडेअकराला दोघं दवाखान्यात उभे होते. मॅनेजरबाईंनी वॉचमनला हाक मारली, कारण सगळ्या इमारतीत सर्वांत रडका फोन त्याचा होता. वॉचमनने तो छातीशी पुसून पुढे केला, जणू फोनचीच तपासणी होती. बाईंनी पान उघडलं.

हिरवं आलं. आधी काही आलंच नाही, एकदम हिरवं, अक्षरांसकट, चमकेसकट.

बाईंनी पान बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा तसंच. "राहू द्या हीच," त्या म्हणाल्या. "लहान मुलांच्या विभागाचं पानही करायचंय. ते यांच्याकडूनच करून घ्या." आणि त्या दुसऱ्या कुणाशी बोलत निघून गेल्या.

भाचीने त्याच्या दंडाला धरलं. तिचे डोळे भरले होते. "मामा! राहिली बटणं. काम टिकलं."

तो वॉचमनच्या फोनकडे बघत होता. "परत उघडा," तो म्हणाला.

वॉचमनने उघडलं.

"खाली घ्या जरा. ते तिसरं. रिपोर्टचं. हां." तो वाकला, फोन खिडकीकडे वळवला, स्वतः वळला. "परत उघडा."

"अहो काका, गेटवर कोण उभं राहील? दिवसभर हेच उघडत बसू का?"

"मामा, काय झालं?" भाची म्हणाली.

"काल घाईत या चमकेची डावी कड खाली सरकली. केसभर."

"जाऊ द्या ना. पास झालंय काम."

पास झालं होतं. गॅरेजात गाडी एकदा गेटबाहेर गेली की तिचा चुकलेला कोपरा तिच्याबरोबर जायचा, आणि माणूस दुसऱ्या गाडीकडे वळायचा. रंग वाळलेला असायचा, मालक निघून गेलेला असायचा, इलाज संपलेला असायचा. इथे काहीच वाळत नव्हतं. हे बटण आज, उद्या, वर्षाने, केव्हाही हाताशी होतं, आणि वाकडी कड घेऊन आत्ता या घटकेला शंभर जणांच्या हातात उघडत होतं. त्याची बोटं एकमेकांवर घासायला लागली.

"दुकानाची किल्ली दे," तो म्हणाला.

"सोमवारी करा, मामा. आज घरी जा, मामींना सांगा."

"तूच सांग फोन करून. सांग, जेवायला उशीर होईल."

आणि किल्ली घेऊन तो पायऱ्या उतरू लागला. मागून भाची ओरडत होती, "हळू! अहो, दम लागेल!" त्याने मागे न बघता हात हलवला. रांगेतल्या लोकांना चुकवत, गेटमधून तिरका होत, तो रस्त्याला लागला होता.